बिहीवरचा चुरा

माझी नणंद गोंदियाहून माझी पोरगी न्यायले येणार आहे, हे मले सासूबाईंनी तुरीच्या ओल्या शेंगा सोलता सोलता सांगितलं. मानही वर केली नाही. "शांता येऊन राहिली पुढच्या आठवड्यात. रानूले घेऊन जाईल संगं. हवा बदलेल पोट्टीची. तिच्याकडे घरची म्हैस आहे." मी समोर बसून सोलत होती, हातातली शेंग हातातच राहिली. मी विचारलं, किती दिवसांसाठी. तर म्हणाल्या, "दिवस कोण मोजून राहिलं? बरी होईपर्यंत. अन् राहिली तिथंच तर राहिली. तुले काय, दुसरं होईल. शांताले पोटचं कोण आहे?" हे त्या रागानं म्हणाल्या नाहीत. रागानं म्हटलं असतं तर मले कमी भीती वाटली असती. भाजीत मीठ किती टाकायचं ते सांगावं तसं सांगितलं, अन् सालं पदरात गोळा करून उठल्या.

रानू तेव्हा पुरती तीन वर्षांचीही नव्हती. टायफाइड होऊन गेला होता. ताप उतरला, डॉक्टर म्हणाला आता काही नाही, आता फक्त खाऊ घाला. त्याले वाटलं असेल सोपं काम सांगितलं. पोरगी तोंडच उघडे ना. मुगाचं वरण, भाताची पेज, दुधात कुस्करलेली पोळी, काहीच नको. घास कोंबला तर गालात धरून बसायची, बसायची, अन् मग माझ्या खांद्यावर मान टाकून हळूच माझ्याच पदरावर काढून द्यायची. आंघोळ घालताना बरगड्या हाताले लागायच्या तर मी साबण लवकर लवकर फिरवायची, थांबली की रडू यायचं. सासूबाईंनी मिरच्या ओवाळल्या, घरमालकिणीनं कुठून तरी ताईत आणून दिला, ह्यांनी सिलतऱ्याच्या कारखान्यातून येताना रोज एक बिस्कुटाचा पुडा आणला. तो पुडा मग आम्हीच चहात बुडवून संपवायचो.

मी तुमसरजवळच्या एका खेड्यातली. सातवी झाली, आठवीत नाव टाकलं, पण शाळा नाल्यापलीकडच्या गावात होती म्हणून ते नाव तिथंच राहिलं, मी गेली नाही. लग्न होऊन रायपूरले आली तेव्हा हिंदी समजायची पण तोंडातून निघायची नाही. अन् मले सगळ्याचीच भीती वाटायची. ट्रकची, डॉक्टरच्या कंपाउंडरची, सिलिंडर आणणाऱ्या माणसाची, सासूबाईंच्या खोकल्याची, कारण खोकल्यानंतर त्या काहीतरी बोलायच्या. आता लोकांले हे खरं वाटत नाही. आता मी भाजीवाल्याशी अर्धा अर्धा तास भांडते. पण तेव्हाची मी अशी होती की कोणी नाव घेऊन हाक मारली तरी आधी छातीत धस्स व्हायचं अन् मग ओ निघायची.

आम्ही रायपुरात भनपुरीत भाड्यानं राहत होतो. मधे सिमेंटचं आंगण, आंगणात हातपंप अन् एक बिहीचं झाड. बिही म्हणजे पेरू, तिकडे सगळे बिहीच म्हणतात. तीन बाजूंनी तीन बिऱ्हाडं, एकीकडे घरमालक, एकीकडे आम्ही, समोर सुशीला सिस्टर. दिवसभर ट्रकचे हॉर्न, मागच्या गॅरेजात गाड्यांचे पाटे ठोकायचा आवाज, अन् सिलतऱ्याकडून वारा आला की काळी धूळ, अशी बारीक की सकाळी झाडलेल्या आंगणात दुपारी पोरीच्या पावलांचे ठसे दिसत. हे तिथल्याच एका लोखंडाच्या कारखान्यात भट्टीवर होते. घरी आले की कानाच्या मागची काळिमा मी ओल्या फडक्यानं पुसून द्यायची. राज्य नवीन झालं होतं, रायपूर राजधानी झालं होतं, तिकडे शहरात म्हणे लाल दिव्याच्या गाड्याच गाड्या. आमच्या गल्लीत राजधानीचा अर्थ एवढाच, की रस्ता खोदून ठेवला होता अन् बुजवायले कोणी येत नव्हतं. सुशीला सिस्टर पण राजधानीमुळेच आली होती, बस्तरकडून बदली होऊन, सरकारी दवाखान्यात नर्स. एकटी बाई, उंच, आवाज मोठा. लहानपणी मिशनच्या होस्टेलात वाढलेली. तिच्याकडे एक गोल ओव्हन होता, अल्युमिनचा, झाकणाले काच लावलेला, अन् तो लावला की आमच्या घरातला बल्ब लाल व्हायचा.

शेंगा सोलल्या त्या दिवसापासून मी मनातल्या मनात एकच गोष्ट घोकत होती. आमच्या गावात एक पोरगा असाच मावशीकडे गेला होता, हवा बदलायले. तीन उन्हाळे गेले, मग आला एकदा लग्नाले, तर आईले म्हणे, "अवो बाई, पाणी देता का?" त्याच्या आईनं पाणी दिलं. सगळ्या मांडवात ते लोक हसून सांगत होते, पाहा कसा लाजते. मले त्या बाईचा हात आठवत होता, लोटा धरलेला. मी ह्यांले सांगायचा प्रयत्न केला. हे जेवत होते. ताटाकडे पाहून म्हणाले, "आई पोरीच्या भल्याचंच म्हणते ना. अन् ताई का परकी आहे का?" थोड्या वेळानं हेच म्हणाले, "तिनं खाल्लं असतं थोडंसं तर मीच म्हटलं असतं आईले, कायले नेता." म्हणजे सगळं त्या तोंडावर आलं होतं. तिनं खाल्लं तर माझी, नाही खाल्लं तर गोंदियाची.

अन् त्याच रविवारी तिनं खाल्लं. झालं असं, की सिस्टरनं तिच्या ओव्हनात काहीतरी केलं अन् ताटलीत घालून आमच्या पायरीवर आणून ठेवलं. खाली शिजलेली बिही, गुलाबी झालेली, दालचिनीचा वास, अन् वर भाजलेल्या पिठाचा जाडा जाडा चुरा, बदामी रंगाचा. "क्रम्बल है, अम्मा. होस्टल में बड़ी मैडम सिखाती थी. वो लोग सेब का बनाते थे, हमारे यहाँ सेब कहाँ, तो बिही का." सासूबाईंनी ताटलीले हात लावला नाही. मले मराठीत म्हणाल्या, "केकसारखं दिसते. अंडं असते त्याच्यात." सिस्टरले तेवढं मराठी समजलं. "अंडा नहीं है अम्मा. आटा, घी, शक्कर. नीचे बिही. बस." तोपर्यंत घरमालकीण आली. "भट्ठी वाली चीज है तो अंडा तो होगा ही. बिना अंडे के फूलेगा कैसे?" सिस्टर कमरेवर हात ठेवून म्हणाली, "फूला कहाँ है, दीदी? तुम्हारी आँख है कि बटन?" मग ते जे सुरू झालं. घरमालकिणीच्या भाच्याच्या लग्नात कोणत्या केकमधे अंडं निघालं, सासूबाईंच्या माहेरी कोणी काय बाटवलं, सिस्टर मधेच बायबलची शपथ घेते, मी दोघींच्या मधे उभी, कोणाची बाजू घ्यावी ते कळत नाही. अन् मग मी खाली पाहिलं तर रानू पायरीवर बसून बोटानं चुरा उचलून उचलून खाऊन राहिली होती. ताटलीचा एक कोपरा साफ. मी ओरडली, "खाल्लं, खाल्लं." तिघीही वाकल्या. "खा बाई, खा माझी माय." "खा नोनी, अउ खा." रानूनं एकदा आमच्याकडे पाहिलं अन् बोटं फ्रॉकले पुसली. मग नाही खाल्लं.

पण खाल्लं होतं. मले वाटलं, सापडलं. ह्या चुऱ्यातच काहीतरी आहे. दुसऱ्या दिवशी सिस्टर ड्यूटीवर निघायच्या आत मी तिच्या दारात उभी राहिली, अन् कधी नाही ते माझ्या तोंडातून हिंदी निघाली, मोडकी, धापा टाकत, दीदी मेरे को सिखा दो, मेरी लड़की को ले जाएँगे. तिनं बूट घालता घालता सांगितलं. तीन मुठी कणीक, मूठभर साखर, थंड झालेलं थिजलेलं तूप, बोटांच्या टोकांनी चोळायचं, वाळूसारखं झालं की थांबायचं. ती गेली अन् मी परात घेतली. तूप चोळलं. चांगलं झालं होतं, वाळूसारखं, पण मी दहा वर्षांची असल्यापासून रोज कणीक भिजवणारी बाई. परातीत कणीक आहे अन् ती सुटी पडली आहे हे माझ्या हाताले पाहवेच ना. मन म्हणत होतं थांब, अन् हात गेला लोट्याकडे. पाण्याचा एक हबका मारला. मग आणखी एक. पाहता पाहता गोळा झाला, मऊसूत, त्याच्यावर मी मुठीनं खळगाही केला सवयीनं. आता काय करावं म्हणून तो थापून बिहीवर पसरवला. संध्याकाळी सिस्टरच्या ओव्हनातून जे निघालं ते सुरीनं कापलं जात नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, "हे सिलतऱ्याले पाठव, पत्रा म्हणून जाईल." सिस्टर पोट धरून हसली. मले म्हणाली, "तूने तो बिही के ऊपर रोटी डाल दी रे. अगली बार पानी का लोटा घर के बाहर रख के बैठना. हाथ को बोलना, आज तेरी छुट्टी है." अन् मग हसणं थांबवून म्हणाली की ती उद्या बड्या दिनासाठी, म्हणजे नाताळासाठी, गावी चालली आहे, खोलीले कुलूप राहील, अन् शांताताई यायच्या आत तिचं परतणं व्हायचं नाही. मी म्हटलं, ओव्हन? ती म्हणाली, ओव्हन ठेवून जाते घे, पण तुमच्या खोलीची वायर पातळ आहे, जाळशील घर. तशी ती बाई सरळ होती. मी घाबरून नको म्हटलं.

आता माझ्या स्वयंपाकघरात भिंतीत बसवलेला ओव्हन आहे. रानूनंच घेऊन दिला, तिच्या पहिल्या नोकरीत. मी त्याच्यात पापडाचे डबे ठेवते, मुंग्या लागत नाहीत. ती आली की ओरडते, आई हे काय. मी म्हणते राहू दे.

शांताताई आल्या त्या सकाळच्या पॅसेंजरनं. मले वाटलं होतं की त्या दारातूनच पोरीवर झडप घालतील. पण त्या आल्या, चप्पल काढली, रानूच्या डोक्यावरून हात फिरवला अन् पिशवीतून एक लाल स्वेटर काढला, हातानं विणलेला, गळ्याशी बदकांची रांग. इतका बारीक विणला होता की मले मेल्याहून मेल्यासारखं झालं. हा एका आठवड्यात नाही होत. म्हणजे सासूबाईंनी मले शेंगा सोलताना सांगितलं त्याच्या कितीतरी आधीपासून ह्या बाईनं माप धरलं होतं. स्वेटर थोडा मोठाच झाला. "पुढच्या वर्षीही होईल," त्या म्हणाल्या, अन् माझ्याकडे पाहून पटकन नजर खाली केली. परतीची गाडी संध्याकाळची होती. सासूबाईंनी रानूचे फ्रॉक एका पिशवीत भरून खुंटीले टांगून ठेवले होते.

दुपारचं जेवण उरकलं. रानूनं काहीच खाल्लं नाही. मी कोणाले न विचारता सिगडी आंगणात आणली, कोळसे पेटवले, अन् झाडावरून बिही तोडल्या. पाण्याचा लोटा खरोखरच पंपाजवळ ठेवून आली. बिहीच्या बिया काढल्या, फोडी साखरेत थोड्या शिजवल्या, पितळी डब्यात घातल्या. चुरा चोळला, वाळूसारखा झाल्यावर हात मांडीखाली दाबून धरले. थोडा डब्यात पसरवला, थोडा परातीत तसाच राहिला. मग डबा सिगडीवर ठेवला अन् पाहत बसली. खालून बिही बुडबुड करायले लागली, करपल्याचा वास यायले लागला, अन् वरचं पीठ पांढरंच्या पांढरं. मी झाकण ठेवलं, काढलं, ठेवलं. डोळ्यात धूर गेला होता का मी रडत होती ते मलेही सांगता येणार नाही. सासूबाई ओट्यावरून कधीच्या पाहून राहिल्या होत्या. शेवटी खोकल्या. मी आखडली. त्या म्हणाल्या, "गोवऱ्यात कणकेचे रोडगे कधी पाहिले का भाजताना?"

"पाहिले."

"मग वरून विस्तव नको का? खालून पेटवून बसली, वरचं काय तुह्या फुकण्यानं भाजणार आहे?"

अन् त्या खाली उतरल्या. गुडघे धरत धरत बसल्या, घरमालकिणीकडून दोन गोवऱ्या मागवल्या, त्या फुलू दिल्या, सिगडीतले कोळसे चिमट्यानं ओढून काढून एक पसरट आळं केलं, त्याच्यात डबा रोवला, झाकणावर निखारे रचले, कडेले जास्त, मधे कमी. मी म्हटलं मधे कमी काहून. तर म्हणाल्या, "मधलं आपोआप होते." शांताताईही येऊन बसल्या. आम्ही तिघी त्या डब्याभोवती वाकलेलो, निखारा काळा पडला की एक फुंकते, दुसरी बदलते. सासूबाई त्यांच्या गावच्या पंगतीच्या गोष्टी सांगून राहिल्या होत्या, शेताच्या धुऱ्यावर शंभर माणसांचे रोडगे कसे भाजत. माझी सासू माझ्या पोरीले माझ्यापासून नेण्यासाठी बसली आहे, हे मी त्या घटकेत विसरली होती. मग तुपाचा वास आला अन् मले सगळं परत आठवलं.

झाकण काढलं. राख उडू नये म्हणून सासूबाईंनी ते असं तिरपं उचललं, एका हातानं. खाली बदामी चुरा, कडेनं गुलाबी रस वर आलेला. तसाच, सिस्टरच्या ताटलीतला.

आत चटईवर रानूले बसवलं. हे पण ड्यूटी बदलून लवकर आले होते, ताईले स्टेशनवर सोडायचं म्हणून. सगळ्यायले वाढलं, एक ताटली तिच्या समोर ठेवली अन् आम्ही सगळे बसलो, गोल. शांताताईंनी चमचा उचलला, फुंकर मारून तोंडाशी नेला. "खा बाळ. आत्याच्या हातचं खा." रानूनं ओठ घट्ट मिटले. हे म्हणाले, "रानू, पाह्य, कसं छान." ओठ मिटलेलेच. सासूबाई म्हणाल्या, "आता हेही नको." मी चमचा घेतला. ती माझ्याकडे पाहत होती, मोठे मोठे डोळे करून, अन् तिचे डोळे भरून यायले लागले. बाहेर कोणीतरी ट्रक मागं घेऊन राहिलं होतं, "आने दो, आने दो," असं ओरडत. शांताताईंनी एक उसासा टाकला अन् त्यांची नजर खुंटीवरच्या पिशवीकडे गेली. ती मी पाहिली.

अन् तेव्हाच मले पोरीच्या हनुवटीवर पीठ दिसलं. पांढरं, सुकलेलं. फ्रॉकवर होतं. स्वेटरच्या बदकांवर होतं. मी दारातून आंगणातल्या परातीकडे पाहिलं. उरलेला चुरा परातीत नव्हता, चार बोटांचे ओरखडे होते फक्त. आधी मी घाबरलीच, कच्चं पीठ, टायफाइडचं पोट, आता काय होईल. पण त्या भीतीच्या आतून दुसरंच काही वर आलं. आम्ही तिघी डब्यावर वाकलो होतो तेव्हा खाल्लं हिनं. त्या रविवारी आम्ही अंड्यावरून भांडून राहिलो होतो तेव्हा खाल्लं. चुऱ्यात काही नव्हतं. त्या दोन वेळा सोडल्या तर त्या आजारपणानंतर ह्या पोरीनं एक घास असा खाल्ला नव्हता की ज्याच्याकडे चार माणसं जीव मुठीत धरून पाहत नव्हती. मी तर सगळ्यात जास्त.

मी म्हटलं, "तिकडे तोंड करा."

माझा आवाज मलेच ओळखू आला नाही. सासूबाई म्हणाल्या, "काय?"

"भिंतीकडे तोंड करा. कोणी पाहू नका तिच्याकडे. आपापल्या ताटल्या घ्या अन् तिकडे पाहून खा."

"कोणाले सांगून राहिली तू?"

"सगळ्यायले," मी म्हटलं. "तुमाले पण, आई."

कोणी हललं नाही. मग हे उठले. आपली ताटली घेतली अन् भिंतीकडे तोंड करून, मांडी घालून बसले, शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखे. मग शांताताई वळल्या. सासूबाई सगळ्यात शेवटी. "माह्याच लेकाच्या घरात मले भिंत दाखवते," असं पुटपुटत वळल्या, पण वळल्या. मी त्यांच्या बाजूले बसली. चौघं जण, समोर चुन्याची भिंत अन् कॅलेंडर. मी हळूच म्हटलं, बोला ना काहीतरी. ह्यांनी कॅलेंडरकडे पाहून सुरू केलं, "यंदा थंडी जास्त आहे." सासूबाई म्हणाल्या, "हव." मग शांताताई म्हशीचं सांगायले लागल्या, की ती पावसाळ्यात सुटून रेल्वेच्या क्वार्टरात कशी घुसली अन् साहेबाच्या बायकोची साडी चघळून आली, अन् सासूबाई खरंच हसल्या, तोंडात घास असताना. "चांगलं झालं आहे वं हे," त्या म्हणाल्या. "अंडं नाही ना पण?"

मागं स्टीलवर चमचा वाजला. एकदा. मग काहीच नाही. माझी मान वळायले लागली तर शांताताईंनी माझा गुडघा दाबून धरला, घट्ट. मग परत वाजला. मग ओरखडल्यासारखा, कडेकडेनं, जसं कोणी तळाचं गोळा करून राहिलं आहे. आम्ही कोणीच बोलत नव्हतो, अन् बोलायले पाहिजे हे सगळ्यायले समजत होतं, म्हणून ह्यांनी पुन्हा थंडीचं काढलं. त्यांचा आवाज फाटला मधेच.

शांताताईंनी आपली ताटली उचलली. त्यायनं अजून त्याच्यातलं काहीच खाल्लं नव्हतं. तशीच भरलेली ती, मागं न पाहता, हात उलटा करून, चटईवरून मागं सरकवली. मग पदरानं नाक पुसून भिंतीले म्हणाव्या तशा म्हणाल्या, "आई, आमच्या घरात अकरा माणसं आहेत. अकरा जण पाहतील हिच्याकडे. मी नाही नेत." सासूबाई खोकल्या पण नाहीत.

बाहेरचा ट्रक लागला जागेवर. मग मागून बारीक आवाज आला, "आई, आनखी." मी मान वळवली नाही. हात मागं केला, अन् रिकामी ताटली हातात आली, चिकट, गरम.